शेतीराखणीची बंदूक घेताना: रायफल का गळते आणि बारा बोअर का उरते

सगळ्या कामाला चालेल अशी एकच बंदूक कोणती, असं विचारलं की परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ एका सुरात थ्री-नॉट-एट नाहीतर थर्टी-ऑट-सिक्स रायफल सांगतात. तिकडच्या रानात आणि तिकडच्या कायद्यात ते खरंही असेल. गोव्यात काजूची बागायत किंवा कुळागर (ओहोळाकाठची माडा-पोफळींची बाग) राखायला बंदूक घेणाऱ्याने त्या यादीपासून सुरुवात केली तर नुसता वेळ जातो. इथे बोअर, म्हणजे नळीचं माप, आधी कायदा ठरवतो, मग जमिनीचा उतार ठरवतो, मग काडतुसं कोणती मिळतात ते ठरवतं. एवढं होऊन काही उरलं तर आपली आवड. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत परवाना काढताना आणि बंदूक निवडताना ज्या क्रमाने गोष्टी समोर येतात, त्याच क्रमाने इथे लिहीत आहोत.

आधी शिकारीचं बोलून टाकू. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि बंदुकीचा परवाना हा जनावर मारायचा परवाना नव्हे. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबत कलम ११ आहे. त्याखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नमूद करून लेखी आदेश काढू शकतो, पण तो फक्त अनुसूची दोनमधल्या जनावरांसाठी. रानडुक्कर त्यात येतो. गवा आणि मोर अनुसूची एकमध्ये आहेत, त्यामुळे नाचणी कितीही खाल्ली तरी त्यांच्याकडे नळी वळवायचा विचारही करायचा नाही. आदेशाने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं, घरी आणता येत नाही. म्हणजे राखणीची बंदूक वर्षातल्या बहुतेक रात्री आवाजासाठीच वाजते. बोअर निवडताना हे विसरलं की निवड चुकते.

आता शस्त्र कायदा. १९५९च्या कायद्याच्या कलम १३मध्ये शेतीराखणीसाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, बंदूक सांगितली आहे. ठासणीने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, नळी किमान २० इंच लांब हवी. रायफलचं नाव त्यात नाही. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो, ती गुळगुळीत नळीत मोडत नाही, त्यामुळे राखणीच्या नावाने रायफल मागणारा अर्ज मुळातच लंगडा ठरतो.

म्हणून अर्जात ठासणी का पुरत नाही हे नीट लिहायचं. 'पिकाचे नुकसान होते' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सरद भात पोटरीत असतं तेव्हा पाऊस गेलेला नसतो, बंदुकीची काळी दारू हवेतला ओलावा धरते, केप (दारू पेटवणारी टोपी) वाजते पण बार निघत नाही, आणि एक बार झाला की परत ठासायला मिनीट-दोन मिनिटं जातात. हे जागेच्या वर्णनासकट लिहावं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, पीक कोणतं, रान किती अंतरावर, आधी वन खात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज केला असेल तर त्याची प्रत, हे सगळं सोबत जोडलं की अर्जाला वजन येतं. उताऱ्यावर चार सहहिस्सेदार असतील तर त्यांचं ना-हरकत पत्र आधीच घेऊन ठेवा, नाहीतर फाईल तिथेच बसते.

दुसरी अडचण अभयारण्यांची. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. नकाशावर म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला यांच्याभोवती दहा-दहा किलोमीटरचं कडं काढून पाहा. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण तालुक्यांचा बराचसा भाग त्यात जातो. पंचायतीपासून अभयारण्याची हद्द किती, हे वन खात्याकडून लेखी घेऊन अर्जासोबत दिलं तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि वन खातं यांच्यातला पत्रव्यवहार थोडा तरी कमी होतो.

एवढं असूनही रायफलचा विषय निघतोच. कुणाकडे वडिलोपार्जित पॉइंट तीनशे पंधरा बोअरची रायफल असते, कुणी नेमबाजीसाठी परवाना मागणार असतो. तेव्हा आकडे माहीत असलेले बरे.

ज्या रायफलमध्ये थ्री-नॉट-थ्री किंवा ७.६२ मिलिमीटरचं लष्करी काडतूस बसून उडू शकतं ती आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. थ्री-नॉट-एट विंचेस्टरच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसण्याच्या जागेत, ७.६२ बाय ५१ मिलिमीटरचं लष्करी काडतूस बसतं. जगातली सर्वात 'सर्वगुणी' म्हणून शिफारस होणारी रायफल सामान्य परवानेदाराच्या यादीतून इथेच गेली. थर्टी-ऑट-सिक्सचं काडतूस लांब, ६३ मिलिमीटरचं, म्हणून ती प्रतिबंधित नाही. पॉइंट तीनशे पंधरा ही इशापूरच्या रायफल फॅक्टरीची जुनी ओळखीची चीज, लष्करी काडतुसाशी अदलाबदल होऊ नये म्हणूनच चालत आलेलं हे बोअर. तिची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे १६ ग्रॅमच्या जवळ, वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर, नळीच्या तोंडाशी ताकद ३,००० ज्यूलच्या आसपास. थर्टी-ऑट-सिक्स १८० ग्रेनच्या गोळीला ३,९०० ज्यूलपर्यंत नेते. बावीस बोअरची ४० ग्रेनची गोळी १४० ज्यूलवर थांबते.

ताकदीपेक्षा इथे महत्त्वाचं आहे ते गोळी चुकली तर कुठे जाऊन पडते हे. बावीसची बारीक गोळी योग्य कोनात सुटली तर दीड किलोमीटर जाते. थर्टी-ऑट-सिक्सची चार किलोमीटरच्याही पुढे. आपली गावं कशी वसली आहेत ते आठवा. खाली ओहोळ, त्याला लागून कुळागर, वरच्या उताराला काजू, आणि माथ्याच्या पलीकडे दुसरा वाडा. खालून वर नेम धरला की गोळीच्या मागे माती नसते, आकाश असतं. कुळागरात माडा-पोफळींमधून वीस-पंचवीस मीटरच्या पुढे रात्री काही दिसत नाही. एवढ्या अंतरासाठी चार किलोमीटर जाणारी गोळी घेऊन बसण्यात शहाणपण नाही.

बावीसबद्दल एक वेगळा इशारा. आवाज कमी, धक्का नाही, काडतूस स्वस्त म्हणून ती बऱ्याच जणांना सोयीची वाटते. पण जांभ्याच्या सड्यावर शिशाची हळू जाणारी गोळी तिरपी लागली तर आत शिरत नाही, उसळते. चिऱ्याच्या गडग्यावर तर हमखास. शिवाय रानडुकराला १४० ज्यूलची गोळी म्हणजे जखमी जनावर रानात सोडणं, आणि जखमी डुक्कर सकाळी काजू वेचायला आलेल्या बायकांच्या वाट्याला येतं. डुकराच्या अंगावर ती चालवायची नाही, एवढंच.

राहता राहिली बारा बोअर. १६ बोअरच्या जुन्या दुनळ्या अजून काही घरांत आहेत, युरोपात त्या एके काळी फार चालायच्या आणि पोर्तुगीज काळात इकडे आल्या. बंदूक हलकी, खांद्याला छान बसते, पण काडतुसांसाठी दारोदार फिरावं लागतं. बारा बोअरची शक्तिमान काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येतात आणि परवानाधारक दुकानात सहसा मिळतात. पुरवठ्याचा हा एकच मुद्दा बाकी सगळ्या तुलनेवर भारी आहे. काडतूस नसलेली उत्तम बंदूक ही लोखंडी काठीच.

बारा बोअरमध्येही एक फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो, तो चेंबरच्या लांबीचा. जुन्या बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं, नव्यांचं ७०, काहींचं ७६. काडतुसावर लिहिलेली लांबी ही ते उडून, तोंड उघडल्यानंतरची असते. न उडालेलं ७०चं काडतूस दुमडलेलं असल्यामुळे ६५च्या चेंबरमध्ये आरामात सरकतं, बंदूक मिटते, काही अडत नाही. घोटाळा बार निघताना होतो. दुमड उलगडायला जागा नसते, ती पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्रे आणि डाट (दारू आणि छऱ्यांमधला बूच) अरुंद तोंडातून रेटले जातात आणि दाब वाढतो. पहिल्या बाराला नळी फुटेलच असं नाही. खांद्याला नेहमीपेक्षा जोराचा धक्का बसतो, उडालेल्या काडतुसाचं तोंड फाटलेलं निघतं, बंदूक उघडताना जड जाते. ही लक्षणं दिसली की ते काडतूस परत त्या बंदुकीत घालायचं नाही. उलट चालतं: ७०च्या चेंबरमध्ये ६५चं काडतूस निर्धोक आहे. म्हणून नवी घेणाऱ्याने ७० मिलिमीटरचीच घ्यावी, दोन्ही काडतुसांची सोय होते.

जुन्या बंदुकीचं चेंबर ओळखायला पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या करायच्या आणि खालच्या सपाट बाजूवरचे शिक्के पाहायचे. बेल्जियन बंदुकीवर लंबगोलात ई-एल-जी अशी अक्षरं असतात आणि आसपास बोअरचा आकडा. लांबी कोरलेली नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून चेंबर गेजने मोजून घ्यावी, अंदाजावर सोडू नये. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी वेलबुट्टी दिसली तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी असते. तिच्यात आजचं बिनधुराचं काडतूस घालायचं नाही, मग ती आजोबांनी कितीही वापरलेली असो.

नळीची आतली तपासणी दुकानाच्या दारात, उजेडाकडे तोंड करून होते. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून नळ्या काढायच्या, मागच्या बाजूने डोळा लावायचा आणि नळी सावकाश फिरवायची. चांगल्या नळीत उजेडाची वर्तुळं एकसारखी, एकात एक बसलेली दिसतात. मध्येच एखादं वर्तुळ तुटलं किंवा काळी सावली कड्यासारखी उभी राहिली तर तिथे नळी फुगलेली आहे. कधीतरी आत काही अडकलेलं असताना बार झालेला आहे. त्या जागी बाहेरून बोट फिरवलं की बारीकसा उंचवटाही लागतो. अशी बंदूक फुकट मिळाली तरी नको. आतले बारीक खड्डे, म्हणजे गंजाचे डाग, चेंबरच्या जवळ असतील तर नको, तोंडाकडे एखाद-दुसरा असेल तर चालवून घेता येतो.

मग नळ्या परत जोडून, पुढचं लाकूड न लावता, बंदूक दस्त्याकडून धरून हलकेच हलवायची. खडखड आली किंवा नळी आणि मागच्या तोंडामध्ये उजेडाची फट दिसली तर बिजागरी झिजली आहे. चाप तपासायला रिकामा घोडा आपटवू नये, खोटं काडतूस घालून आपटवावा. दोन्ही घोडे चढवून दस्ता रबराच्या पायपुसण्यावर हलकेच आपटला आणि एखादा घोडा आपोआप पडला, तर ती बंदूक राखणीच्या मांगरात नेण्यालायक नाही.

एकनळी, दुनळी की पंप? राखणीला आमची पसंती दुनळीला. मधून मोडली की दोन्ही चेंबर उघडे पडतात, भरलेली आहे की नाही हे अंधारात बोटाने कळतं, आणि गडगा ओलांडताना मोडून हातावर टाकता येते. पंपमध्ये जास्त काडतुसं बसतात खरी, पण पोटात एक राहून जाण्याचा धोका असतो आणि पावसाळी चिखलाने तिचा सरकता भाग अडखळतो. एकनळी हलकी आणि स्वस्त, नुसत्या आवाजाला पुरेशी. दुनळीचा दुसरा फायदा असा की दोन नळ्यांत दोन वेगळी काडतुसं ठेवता येतात: पुढच्या चापाला आवाजासाठी बारीक छऱ्याचं, मागच्या चापाला लागलंच तर जाडं.

चोकचंही इथेच ठरतं. नळीच्या तोंडाशी असलेलं आकुंचन म्हणजे चोक. फुल चोक साधारण एक मिलिमीटर, हाफ अर्धा मिलिमीटर. ३६ मीटरवर, म्हणजे ४० यार्डांवर, ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात फुल चोक ७० टक्के छर्रे टाकतो, हाफ ६०, साधी सरळ नळी ४०. कुळागरातल्या अंतराला फुल चोकची गरज नाही. जाडे छर्रे फुल चोकमधून जाताना एकमेकांवर घासून चेपतात आणि नेम सुधारण्याऐवजी भलतीकडे पसरतात. नळीच्या आकाराची एकच गोळी असलेलं काडतूस तर फुल चोकमध्ये घालूच नये. एक नळी सरळ आणि एक हाफ मिळाली तर उत्तम.

काडतुसांचे आकार ब्रिटिश पद्धतीचे आहेत. एल.जी. म्हणजे ९.१ मिलिमीटरचा छर्रा, एका औंसात (सुमारे २८ ग्रॅममध्ये) सहा बसतात. एस.जी. ८.४ मिलिमीटरचा, आठ. चार नंबरचा ३.१ मिलिमीटर, एका औंसात १७०. छर्रा किती लांब जाईल याचा एक जुना ठोकताळा आहे: व्यास मिलिमीटरमध्ये धरायचा आणि ८०ने गुणायचं, उत्तर मीटरमध्ये. चार नंबरला सुमारे २५०, एल.जी.ला ७३०. माथ्यापलीकडच्या वाड्याचं अंतर मोजून बघा, कोणतं काडतूस कोणत्या दिशेला चालणार नाही हे तिथेच ठरतं. आवाजासाठी सहा नंबर किंवा त्याहून बारीक पुरतो, तोही उतारावर खाली, मऊ मातीत.

एल.जी.बद्दल लोकांचा फार मोठा समज आहे. सहा छर्रे एका मीटरला अडीच-तीन सेंटिमीटर या हिशेबाने पसरतात. ३० मीटरवर त्यांचं वर्तुळ ७५ ते ९० सेंटिमीटरचं होतं, आणि डुकराच्या मर्माची जागा ताटाएवढी. सहापैकी एखादा तिथे बसतो, बाकीचे पोटात, पायात किंवा रानात. म्हणून लेखी आदेश हातात असला तरी एल.जी. २५ मीटरच्या पुढे वापरण्याच्या आम्ही विरोधात आहोत. एका औंसाच्या एकाच गोळीचं काडतूस तोंडाशी तीनशे पंधराइतकीच, ३,००० ज्यूलची ताकद देतं, पण पन्नास मीटरवर ती निम्म्यावर येते. राखणीला हा उणेपणा नव्हे, फायदाच आहे. मात्र जांभ्यावरून तीही उसळते.

पसरण आपल्या बंदुकीची आपणच तपासायची. पोलीस ठाण्यात आधी कळवून, दिवसा, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी. चिऱ्याची भिंत मागे नको. जुन्या वर्तमानपत्राचे चार ताव डिंकाने जोडून एक मीटरचा चौकोन करायचा, मध्ये काळा ठिपका, आणि १५, २० व २५ मीटरवरून प्रत्येक नळीचा एकेक बार. भोकं मोजायची, सर्वात दाट भागाभोवती वर्तुळ काढायचं, कागदावर नळी, काडतूस आणि अंतर लिहून ठेवायचं. दोन्ही नळ्यांचा मारा ठिपक्यापासून एकाच बाजूला जात असेल तर बहुधा दस्ता अंगाला बसत नाही. कोपर काटकोनात दुमडून दस्ता त्यात टेकवला की बोट चापावर पडायला हवं. पावसाळ्यात अंगावर जाड रेनकोट असतो हेही धरा.

बार निघाला नाही तर नळी बांधाकडे धरून अर्धा मिनीट थांबायचं. उशिरा उडणारं काडतूस असतं. बार 'फुस' असा निघाला तर पुढचं काडतूस घालायच्या आधी बंदूक उघडून नळी आरपार पाहायची, डाट आत अडकलेला असू शकतो. घरात २० बोअरचीही बंदूक असेल तर तिची काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कपाटात. २०चं काडतूस बाराच्यापेक्षा बारीक असतं, ते बाराच्या चेंबरमधून पुढे घसरून अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, वर बाराचं घातलं जातं आणि नळी फुटते. त्यांचा रंग पिवळा ठेवण्याची पद्धत यासाठीच पडली.

इथल्या हवेत काडतूस आणि नळी दोन्ही सांभाळावी लागतात. पुठ्ठ्याची काडतुसं जुलैत फुगतात आणि चेंबरमध्ये जात नाहीत. प्लॅस्टिकची घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पितळी बूड हिरवं पडलेलं काडतूस वेगळं काढा. नळीला खोबरेल लावायची सवय सोडा. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, डिसेंबरच्या पहाटे चापाचे भाग जड होतात, आणि कालांतराने खवट चिकटा धरतो. खनिज तेलाचा पातळ हात पुरे. ठासणीची बंदूक असेल तर त्याच रात्री कढत पाण्याने धुवायची, कारण काळ्या दारूची राख पाणी ओढते आणि सकाळपर्यंत नळीत तांबेरा दिसतो.

कागदपत्रांत आता परवाना पाच वर्षांचा असतो आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाची धरून. परवान्यावर युनिक आयडी क्रमांक हवाच. परवानेदार वारला तर वारसाने बंदूक घरात न ठेवता लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची आणि मग आपल्या नावाचा अर्ज करायचा. एकावेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील ते परवान्यावर लिहिलेलं असतं, दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद त्यावर करतो.

निवडणुका लागल्या की बंदुका जमा करायचा आदेश येतो, आणि गोव्यात २०१७ आणि २०२२ची विधानसभेची निवडणूक नेमकी फेब्रुवारीत, काजूला बोंडू धरत असताना पडली. जमा करताना नळी आतून-बाहेरून तेलाने पुसून द्यायची, नळीच्या तोंडाला कापडाचा बोळा कोंबायचा नाही, पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि अवस्था लिहून घ्यायची. परत मिळाली की घरी आणून आधी नळ्यांतून उजेड पाहायचा. कुंभारीण माशीला बारा बोअरची नळी घरट्यासाठी फार आवडते. आठवड्याभरात आत मातीचा गच्च बुचडा करते. गजाने तो काढून, नळी पुसून, पुन्हा उजेड पाहूनच पहिलं काडतूस घालायचं.